मक्यातलं तण आणि कर्जाच्या फॉर्ममधले दोन रकाने



पाऊस सुरू झाला की आपल्या ग्रुपवर नारायणगुड्याच्या फ्लायओव्हरजवळच्या भुट्ट्यांचे फोटो येतात, आणि त्याखाली ठरलेलं वाक्य : "आमच्या लहानपणचा तो देशी भुट्टा आता कुठे!" यंदा मी म्हटलं, या भुट्ट्यावर एकदा सविस्तर लिहावंच. कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल, पण संकरित मक्याच्या इतिहासात आपला हा भाग अगदी पहिल्या पानावर आहे. नारायणगुड्याहून काचीगुड्यावरून सायकल मारली की वीस मिनिटांत अंबरपेठ. तिथे सरकारी शेती फार्म होता. १९५७ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने देशभरात मक्याची समन्वित संशोधन योजना सुरू झाली आणि १९६१ मध्ये पहिले संकरित वाण बाहेर पडले : गंगा १, गंगा १०१, रणजित आणि डेक्कन. यातला डेक्कन हैदराबादचा. पुढे इथूनच डीएचएम नावाची मालिका निघाली, म्हणजे डेक्कन हायब्रिड मक्का. नंतर हे केंद्र राजेंद्रनगरला विद्यापीठाच्या आवारात गेलं. तेव्हा साठीच्या दशकात आपण शाळेतून येताना खाल्लेला भुट्टा देशीच होता, हे कुणी छातीठोकपणे सांगू नये!

पण मला वाणाबद्दल लिहायचं नाही. मला लिहायचं आहे मक्यातल्या तणाबद्दल. हसू नका. बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी शेतीकर्जाच्या टेबलावर. बद्रुका कॉलेजचा बी. कॉम., शेतीचा गंध नाही, घरात कुणाची शेती नाही. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ ला झालं, त्यानंतर शेतीला कर्ज द्या म्हणून वरून रेटा आला आणि आमच्यासारख्या शहरी पोरांना खेड्यात पाठवलं. मी पहिल्यांदा मेदक जिल्ह्यात गेलो तो १९७८ साली. तेलुगू बाजारापुरती येत होती. शेतातली तेलुगू तिथे शिकलो. मक्याला मोक्कजोन्न, तणाला कलुपु, तुरीला कंदी, कोळप्याच्या भावाला गुंटका.

आता ही कलुपुची भानगड काय ती आधी सांगतो. मका पेरला की पहिले तीस-चाळीस दिवस तो फार सावकाश वाढतो. ओळीत अंतर मोठं, जमीन उघडी, वरून पाऊस. मग तण मक्याच्या आधी डोकं काढतं. खत घातलं तर ते मक्याच्या आधी तणच खातं. या महिना-सव्वा महिन्यात रान स्वच्छ ठेवलं नाही तर पिकाचा तिसरा हिस्सा सहज जातो, जास्तही जातो. एकदा मका कमरेच्या वर गेला की मग तो स्वतःच सावली धरतो, खाली फारसं काही उगवत नाही. म्हणजे सगळी लढाई पहिल्या चाळीस दिवसांची.

ही लढाई लढत होत्या बाया. पुरुष बैलाला गुंटका जोडून दोन ओळींमधलं तण कापायचा. पण ओळीत, रोपाच्या बुडाशी जे उगवतं तिथे बैल जात नाही, तिथे खुरपंच लागतं. वीस-पंचवीस दिवसांनी एक खुरपणी, चाळीसच्या आसपास दुसरी. दहा-बारा बाया एका रांगेत बसून सरकत जायच्या. एका एकराला एका वेळेला दहा-बारा रोज लागायचे. दोन खुरपण्यांचे मिळून वीस-पंचवीस. बाईची मजुरी तेव्हा अडीच-तीन रुपये, पुरुषाची त्याहून जास्त. का, असं मी एकदा विचारलं होतं. "खुरपं काय जड असतं का, सारू?" असं उत्तर मिळालं. ते उत्तर देणारा मनुष्य स्वतः कधी पाच मिनिटंसुद्धा उकिडवा बसून खुरपताना मला दिसला नाही.

आता बँकेचं सांगतो, कारण गोष्टीचा जीव तिथे आहे. पीककर्ज द्यायचं तर एकरी किती, हे मॅनेजरच्या मर्जीवर नसतं. जिल्ह्याची तांत्रिक समिती दर हंगामाला पिकवार आकडा ठरवते, त्याला स्केल ऑफ फायनान्स म्हणतात. नांगरट किती, बियाणं किती, खत किती, खुरपणी किती, अशी फोड असते. आणि त्या काळी कर्ज दोन भागांत द्यायचं : एक भाग रोख, दुसरा भाग मालाच्या रूपात. मालाच्या भागाचे पैसे शेतकऱ्याच्या हातात पडत नसत. आम्ही दुकानदाराच्या नावाने डिलिव्हरी ऑर्डर काढायचो, शेतकऱ्याने ती दाखवून खताची पोती उचलायची आणि पैसे दुकानदाराच्या खात्यात. खुरपणीची मजुरी रोख भागात. म्हणजे आमच्या काउंटरवरून निघालेली ती नोट दोन-तीन आठवड्यांत कुठल्या तरी बाईच्या कनवटीला जायची. मी हे तेव्हा असं पाहिलं नव्हतं. फॉर्मवरचे दोन रकाने, एवढंच.

तणनाशकाचं नाव मी १९७९-८० च्या सुमारास ऐकलं. अट्राझिन. हे काही तेव्हा नवं औषध नव्हतं. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातल्या गायगी कंपनीने ते काढलं आणि १९५८ च्या सुमारास अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात आणलं. (ही कंपनी १९७० मध्ये सिबाशी मिळून सिबा-गायगी झाली, मग नोव्हार्टिस, मग सिंजेंटा, आणि २०१७ पासून ती चिनी सरकारी कंपनीच्या मालकीची आहे. बँकांची विलीनीकरणं पाहिलेल्या माणसाला अशा वंशावळी पाठ होतात.) औषधाची करामत अशी की पेरणी झाल्यावर, मका उगवायच्या आत, पहिल्या दोन-तीन दिवसांत ओल्या जमिनीवर फवारायचं. प्रमाण हेक्टरी अर्धा ते एक किलो मूळ द्रव्य. पन्नास टक्क्यांची भुकटी मिळते, म्हणजे एकरी चारशे ते आठशे ग्राम. हलक्या जमिनीला कमी, काळ्या भारी जमिनीला जास्त. तणाचं रोप उगवतं, मुळांतून औषध वर चढतं, आणि उन्हाच्या जोरावर पानात अन्न तयार होण्याच्या कामातली एक कडी ते अडवून धरतं. पान कडेने पिवळं पडतं, वाळतं, संपलं.

मग मका का मरत नाही? कारण हे औषध मोडून निरुपद्रवी करून टाकण्याची सोय मक्याच्या अंगात जन्मतःच असते. ज्वारीत आणि उसातही ती आहे, म्हणून आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या पाहुण्यांना हे औषध उसामुळे माहीत असतं. तुरीत, मुगात, चवळीत, भुईमुगात ती सोय नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर औषध १९५८ चं, ते कीटकनाशक कायद्याखाली नोंदवण्याची व्यवस्था आपल्याकडे १९६८ च्या कायद्याने झाली, वाणही इथलाच, विद्यापीठही इथेच. तरी आमच्या मक्याच्या रानात ते वीस-पंचवीस वर्षं आलंच नाही. शेतकरी अडाणी म्हणून? आमच्या ऑफिसात तसं बोलणारे होते. खरं उत्तर आपल्या हैदराबादच्या वेशीवर, पटनचेरूला, केव्हाच लिहून ठेवलेलं होतं.

इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था पटनचेरूला १९७२ मध्ये आली. आपल्यातल्या बऱ्याच घरांतली मंडळी तिथे नोकरीला होती. या संस्थेने १९७५ पासून काही गावं निवडून तिथल्या घरांचे हिशेब वर्षानुवर्षं लिहायला घेतले : महबूबनगर जिल्ह्यातली औरेपल्ली आणि डोकूर, सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कानझरा आणि किनखेडा. कोणी किती दिवस राबलं, कोणाला किती मजुरी, सगळं. १९७७ मध्ये तिथले अर्थतज्ज्ञ हान्स बिन्सवांगर आणि तणशास्त्रज्ञ शेट्टी यांनी भारतातल्या कोरडवाहू भागात तण काढण्याच्या अर्थकारणावर एक निबंध लिहिला. तो मला फार पुढे, एका ट्रेनिंगच्या निमित्ताने वाचायला मिळाला. म्हणणं सरळ होतं : इथली मजुरी इतकी कमी आहे की तणनाशकापेक्षा खुरपणी आणि बैलाची कोळपणी स्वस्त पडते. आणि तणनाशक आलं तर काम जाईल ते सगळ्यात कमी मजुरी घेणाऱ्या, दुसरा आधार नसलेल्या बायांचं.

माझ्यासारख्या हिशेबाच्या माणसाला हे वाचून चटका बसला. औषधाला वेशीबाहेर कोणी रोखून धरलं होतं? बाईच्या अडीच रुपयांनी. ती स्वस्त होती तोवर तिचं काम टिकलं. मजुरी वाढायला लागली की कामच जाणार, हे गणित तिच्या जन्मापासून तिच्याविरुद्ध मांडलेलं होतं.

आणि तसंच झालं. एका रात्रीत नाही, वीसेक वर्षांत. करीमनगर-निजामाबादकडचे पुरुष आखाती देशांत गेले. त्या पट्ट्यात बायांना बिड्या वळण्याचं काम मिळालं. घरी सावलीत बसून करायचं, त्यामुळे चिखलात खुरपायला कोण येणार? बोअरवेल आल्या, भात वाढला, लावणीला जास्त पैसे. पुढे कापूस पसरला, त्याच्या वेचणीला बाया हव्या. २००५ च्या कायद्याने रोजगार हमीची मजुरी ठरली, तिच्याखाली कोणी यायला तयार होईना. ते योग्यच झालं, असं माझं मत आहे, शेतकरी मित्रांनी रागावू नये. दुसरीकडे मक्याला गिऱ्हाईक वाढलं. ते गिऱ्हाईक माणूस नव्हे, कोंबडी! व्यंकटेश्वरा हॅचरीज १९७१ मध्ये हैदराबादलाच सुरू झाली, तिचं बस्तान पुढे पुण्याला गेलं. अंड्यांचे भाव जाहीर करणारी एनईसीसी १९८२ ची. कुक्कुटपालन वाढलं तसा मका खाण्याच्या धान्यातून मुर्गीदाण्यात गेला, घरापुरता होता तो एकरा-एकराने लागू लागला. पाऊस पडला की सगळ्या गावाला एकाच आठवड्यात खुरपणी हवी, आणि बाया तेवढ्याच.

१९९८ ला किसान क्रेडिट कार्ड आलं. त्याच सुमारास मी पुन्हा त्याच जिल्ह्यात, दुसऱ्या शाखेत, मॅनेजर म्हणून गेलो. पाहणीला शेतावर गेलो तर बांधावर रिकामी पाकिटं. विचारलं तर म्हणाला, "कलुपु मंदु कोट्टिनं, सारू." तणाचं औषध मारलं. तेलुगूत मंदु म्हणजे औषध, आणि दारूलाही मंदुच म्हणतात. आपणही तसेच, कागदावर तणनाशक आणि तोंडाने गवताचं औषध. विषाला औषध म्हणायची रीत दोन्ही भाषांत सारखीच आहे बघा.

त्या दिवशी मला जे खटकलं ते पाकीट नव्हतं. पूर्वी मक्याच्या दर काही ओळींनंतर तुरीची एक ओळ असायची, मधून चवळी, कुठे मूग, कडेला अंबाडी, ज्याला इथे गोंगुरा म्हणतात. पाहणी करताना मका किती आणि तूर किती हे मोजता मोजता आमच्या फील्ड ऑफिसरला घाम फुटायचा. आता मोजायला काहीच नव्हतं. बांधापासून बांधापर्यंत नुसता मका. एकाने पहिल्या वर्षी तुरीच्या ओळींसकट फवारलं होतं. तूर दोन पानांवर आली आणि पिवळी होऊन बसली. पुढच्या वर्षापासून त्याने तूर पेरणंच सोडलं. खरं तर मक्यात डाळीचं आंतरपीक असेल तर पेंडिमेथॅलिन मारावं, त्याने तूर-मूग वाचतात, असं शिफारशीत लिहिलेलं असतं. पण ते महाग, आणि दुकानदार देईल ते औषध. शिवाय अट्राझिन जमिनीत महिनोन्महिने रेंगाळतं. प्रमाण जास्त झालं तर मागून घेतलेल्या डाळीच्या पिकालाही ते बाधतं.

त्या तुरीचा आमच्या खात्यात हिशेब नव्हता. ती बाजारात जायची नाही, घरच्या पप्पूत जायची. जी गोष्ट विकली जात नाही तिचा रकाना नसतो. तशीच भाजी. खुरपणी करून घरी निघालेल्या बाईच्या पदरात काही ना काही असायचंच. आपण ज्याला घोळ म्हणतो ती, तांदुळजा, चिवळ. हे सगळं कलुपुच, कृषी खात्याच्या यादीत तणच. माझी आई घोळीची भाजी हरभऱ्याची डाळ घालून करायची आणि बोगुलकुंट्यातल्या भाजीवालीकडून जुडी विकत घ्यायची. ती जुडी बहुतेक अशाच कुठल्या तरी रानातून येत असणार. जहीराबादजवळ पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी १९८३ पासून आहे. तिथल्या दलित बायांच्या संघमनी या न पेरता येणाऱ्या भाज्यांची मोजदाद केली आणि तण आणि अन्न यातली रेघ कोणी मारली, असा प्रश्न चारचौघांत विचारला. औषध मारलेल्या रानातली भाजी कोणी खुडत नाही, आणि खुडू नये.

पण मी खुरपणीचे गोडवे गाणार नाही. शहरात बसून 'काय ती गाणी, काय त्या बायांच्या रांगा' असं लिहिणारे पुष्कळ आहेत. मी त्या बायांना उठताना पाहिलं आहे. दिवसभर उकिडवं बसल्यावर सरळ उभं राहायला दोन हात गुडघ्यांवर टेकावे लागतात. पन्नाशीतल्या बाईचं कंबरडं कायमचं वाकलेलं. एका म्हातारीला मी पेन्शनच्या अंगठ्यासाठी बोलावलं, तर तिच्या अंगठ्यावर रेषाच उमटेनात. खुरपं आणि मातीने झिजून गेल्या होत्या. हे काम गेलं याचं तिला दुःख होतं का? ती म्हणाली, काम गेलं ते बरं झालं, पैसे गेले ते वाईट झालं. इतकं नेमकं वाक्य मी कुठल्या ऑडिट रिपोर्टात वाचलं नाही.

आणि पैसे गेले कुठे, हे मात्र मला दाखवता येतं. स्केल ऑफ फायनान्सच्या फोडीत खुरपणीची रक्कम आटत गेली आणि औषधांची फुगत गेली. रोखीच्या रकान्यातून मालाच्या रकान्यात. कनवटीतून दुकानदाराच्या खात्यात, तिथून कंपनीकडे. शेतकऱ्याचा फायदा झाला का? पहिली काही वर्षं नक्की झाला. आजही एकराला लागणारं अट्राझिन एक-दोन मजुरांच्या रोजाएवढ्या पैशात येतं, आणि खुरपणीला तर वीस-पंचवीस रोज. यापुढे कोणाचं काय चालणार?

पण तणही बसून राहत नाही. अट्राझिनला लव्हाळा दाद देत नाही, त्याच्या गाठी खाली शाबूत असतात. केनाही पुरता हटत नाही. उलट गाजरगवत, आपलं काँग्रेस गवत, अट्राझिनने चांगलं मरतं. या गवताची देशातली पहिली नोंद १९५६ मधली, आणि ती पुण्याची, हे पुणेकर नातेवाईकांना सांगायला हरकत नाही. एकच औषध दरवर्षी मारलं की जे मरत नाही त्याला मोकळं रान मिळतं. मग दुसरं औषध आलं : मका आणि तण दोन्ही उगवल्यावर, वीस-पंचवीस दिवसांनी मारायचं टेंबोट्रिऑन. ते अट्राझिनच्या जोडीने मारतात. म्हणजे पूर्वी दोन खुरपण्या होत्या, आता दोन फवारण्या. 

पाण्याचं काय, हा प्रश्न युरोपने आधी विचारला. तिथे पिण्याच्या पाण्यात कुठल्याही एका कीडनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्राम. विहिरींच्या पाण्यात अट्राझिन त्याच्यावर सापडत राहिलं, म्हणून युरोपीय संघाने २००४ मध्ये त्याची परवानगी काढली. अमेरिकेत मर्यादा लिटरला ३ मायक्रोग्राम, म्हणजे तीसपट सैल, आणि तिथे मक्यात ते आजही सर्रास चालतं. बर्कलीच्या टायरोन हेज यांनी २००२ मध्ये बेडकांवरचे परिणाम मांडले, त्यावर कंपनी आणि ते यांच्यात वर्षानुवर्षं जुंपली. आपल्याकडे मे २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ औषधांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात अट्राझिनचं नाव होतं. हरकती आल्या, समित्या बसल्या, आणि २०२३ मध्ये प्रत्यक्ष बंदी आली ती मोजक्याच औषधांवर. अट्राझिन त्यात नाही. गंमत म्हणजे त्याच मे २०२० मध्ये तेलंगणा सरकारने शेतकऱ्यांना पावसाळी हंगामात मका पेरूच नका म्हणून सांगितलं होतं, कारण बाजारात मका फार झाला होता.

निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला लग्नाला गेलो होतो. जुना खातेदार भेटला, शेतावर घेऊन गेला. फवारणी चालू होती. पाठीवर सोळा लिटरचा पंप, तोंडाला फडकं, हाताला काही नाही, पाय उघडे. फवारणारा गडी रोजाने आलेला. त्याची मजुरी विचारली तर बाईच्या रोजाच्या दुप्पट. मी म्हटलं, पंपाचं काम बाया का करत नाहीत? खातेदार म्हणाला, "पंप जड असतो, सारू." थोड्या अंतरावर, विहिरीकडून, एक बाई डोक्यावर पाण्याची घागर आणि काखेत दुसरी घेऊन त्याच पंपात ओतायला येत होती. एकराला दोनशे लिटर पाणी लागतं.